दुसऱ्यांचा 'मी'

आमच्या इमारतीत माझ्या मावशीबद्दल एक अफवा आहे, आणि ती इतकी झकास आहे की ती खोटी आहे हे सांगताना मला दरवेळी वाईट वाटतं. मावशी आमच्याकडेच राहते आणि कोर्टात दुभाषी आहे. स्पॅनिश बोलणारं कुणी कोर्टात आलं की त्याचं म्हणणं आपल्या भाषेत आणि कोर्टाचं म्हणणं त्याच्या भाषेत पोहोचवायचं, हे तिचं काम. तर अफवा अशी : फार वर्षांपूर्वी तिनं एका साक्षीदाराच्या तोंडचा 'मी' चुकून भलत्याच्याच तोंडी घातला, एक निरपराध माणूस तुरुंगात गेला, आणि त्या दिवसापासून मावशीच्या जिभेवर स्वतःसाठी 'मी' हा शब्द उमटत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू हे सांगताना 'निरपराध'च्या आधी श्वास आत ओढतात, भिंतीला टेकतात आणि डोळे मिटतात. मला ते हुबेहूब जमतं. भिंतीसकट.

खरं म्हणजे असा कुणी निरपराध नव्हता आणि अशी चूकही झाली नव्हती. अफवा मावशीच्या कानावर गेली तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "माणसाच्या आयुष्यात एवढं नाट्य असतं तर माणूस दुभाषी कशाला झाला असता?"

यातला 'माणूस' म्हणजे मावशी. अफवेत खरं आहे ते एवढंच. ती स्वतःला 'मी' म्हणत नाही. भूक लागली की म्हणते, माणसाला या वेळेला काहीतरी खावंसं वाटतं. डोकं दुखायला लागलं की म्हणते, माणसाचं डोकं कधीकधी दुखतं; त्यातल्या 'कधीकधी'चा अर्थ 'आत्ता आणि भयंकर' असा आहे हे आईला बरोबर कळतं आणि ती गोळी शोधायला लागते. बाबांनी एकदा खोडी काढली. माणसाचं दुखतं ते कळलं, म्हणाले, पण ताई, तुमचं कसं आहे? मावशीनं थोडा विचार केला आणि सांगितलं की माणसापेक्षा वेगळं असायचं काही कारण दिसत नाही.

तशी आमच्या घरात ही साथच आहे. आई ओट्याशी उभी राहून म्हणते, "या घरात कुणीतरी सकाळपासून उभं आहे, पण कुणाला काही आहे का?" यातलं पहिलं 'कुणी' म्हणजे आई आणि दुसरं 'कुणी' म्हणजे बाबा आणि मी. रिमोट हातातून गेला की बाबा छताकडे बघत विचारतात की एखाद्यानं बातम्या बघायच्या तरी कधी. हा 'एखादा' आमच्या घरात एकच आहे, त्याला टक्कल आहे आणि त्याचे मोजे सोफ्याखाली सापडतात. पण आईचं 'कुणीतरी' टोमणा आहे आणि बाबांचा 'एखादा' म्हणजे अर्ज. मावशीच्या 'माणसा'त ना टोमणा असतो ना अर्ज. मी सगळ्यांच्या नकला करते, म्हणून मला हे माहीत आहे. टोमण्याला नाकातून आवाज लागतो, अर्जाला मान तिरकी करावी लागते. मावशीच्या 'माणसा'ला काहीच लागत नाही, आणि ज्याला काहीच लागत नाही त्याची नक्कल सगळ्यात अवघड. ती जमवायला मला अख्खी सुट्टी लागली. पण जमली. दाराबाहेरून तिच्या आवाजात "दार उघडा, माणसाचे हात भरलेत" म्हटलं की आई हातातलं काम टाकून यायची आणि मला बघून कपाळाला हात लावायची. मावशी मला पोपटराव म्हणते ते तेव्हापासून.

ही सवय तिला लागली कुठून, ते तिनं मला एकदा कपडे इस्त्री करता करता सांगितलं. कॉलेज अर्धवट सोडून ती तयार कपड्यांच्या कारखान्यात लागली होती. तिच्या शेजारच्या टेबलावर कापड बेतणारी एक स्पॅनिश बाई होती. त्या बाईचा हात करवतीसारखा सरळ चालायचा आणि तोंड त्याहून सरळ. मावशी स्पॅनिश शिकली ती तिच्याकडून. पुस्तकं फार नंतर आली. ती बाई स्वतःबद्दल बोलताना 'मी' कमीच म्हणायची. म्हणायची 'उना'. पुरुष असता तर 'उनो'. शब्दशः अर्थ 'एक', म्हणजे कुणीतरी एक. 'उना से कान्सा' : एक बाई थकते, माणूस थकतो. कुठली बाई? जगातली कुठलीही. पण हे म्हणताना ती कात्री खाली ठेवून मनगट चोळत असायची, म्हणजे कुठली बाई ते वेगळं सांगायला नको. मावशी म्हणाली की त्या एका शब्दात एखादी बाई स्वतः बसायची आणि शेजारी तिच्यासारख्या आणखी दहाजणींना जागा करून द्यायची. एकटीचं दुःख सांगायला लाज वाटते, सगळ्यांचं सांगायला वाटत नाही.

मग मावशी कोर्टात गेली आणि तिथे ही सवय कुलूप लावल्यासारखी पक्की झाली. कारण दुभाषाचा नियम असा की समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. 'तो म्हणतोय की तो घरी गेला' असं नाही. 'मी घरी गेलो' असं. आणि दुभाषाला स्वतःला काही विचारायचं असेल तर त्यानं स्वतःचा उल्लेख 'दुभाषी' असा करायचा. 'दुभाषाला शेवटचं वाक्य पुन्हा ऐकायचं आहे.' म्हणजे दिवसभर हजार वेळा 'मी' म्हणायचं आणि त्यातला एकही आपला नाही. मला हे ऐकून हसू आलं होतं. म्हटलं, म्हणजे तुझा 'मी' भाड्यानं गेलाय. ती म्हणाली की तसंच समज, आणि माझी शाळेची ओढणी इस्त्रीखाली घेतली.

एकदा शाळेला सुट्टी होती, त्या दिवशी मी तिच्यामागे कोर्टात गेले. कोर्ट सगळ्यांना उघडं असतं. मागच्या बाकावर बसायचं आणि च्युइंगगम तोंडातून काढायचं. साक्ष एका म्हाताऱ्या माळ्याची होती. गोदामाच्या फाटकात एक मालट्रक मागे घेताना अपघात झाला होता आणि माळी पलीकडच्या वाफ्यात होता. मला वाटलं होतं, आज मेजवानी. वकिलाचा खर्ज, माळ्याचा कापरा आवाज, न्यायाधीशबाईंचं खाकरणं, सगळं मावशीच्या तोंडून ऐकायला मिळणार. पण मावशीनं एकाचीही नक्कल केली नाही. ती माळ्याच्या जरा मागे, बाजूला बसली, हात मांडीवर, नजर समोरच्या टेबलाच्या कडेवर. वकील ओरडला तरी तिचा आवाज तेवढाच. माळी रडला तरी तेवढाच. "मी फाटकाकडे पाहिलं. मी ड्रायव्हरला हाक मारली. त्यानं ऐकली नाही." साधं, सपाट, पाण्यासारखं.

मग मी आजूबाजूला पाहिलं. कोर्टातलं एकही माणूस मावशीकडे बघत नव्हतं. बोलत होती ती, आणि बघत होते सगळे माळ्याकडे. जणू तोच आमच्या भाषेत बोलतोय. मी नक्कल करते तेव्हा दहाजण माझ्याकडे बघतात; म्हणून तर मी करते. आणि इथे एक बाई भर सभेत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, बोलता बोलता नाहीशी झाली होती.

मध्येच माळी 'उनो' म्हणाला. मला तेवढा एक शब्द येत होता म्हणून कान टवकारले. मावशीनं सांगितलं, "माणसाला बरंच दिसतं, आणि नंतर माणूस गप्प बसतो." न्यायाधीशबाईंनी विचारलं, कोण गप्प बसलं? मावशीला उत्तर माहीत होतं. मलाही होतं. बाकावर पेंगणाऱ्या शिपायालाही असणार. पण तिनं तो प्रश्न जसाच्या तसा स्पॅनिशमध्ये करून माळ्यापुढे ठेवला आणि वाट बघत राहिली. माळ्यानं टोपी हातात फिरवली, खूप वेळ फिरवली. मग एकच शब्द बोलला, आणि मावशी म्हणाली, "मी."

घरी येताना मी तिला विचारलं की तूच का नाही सांगून टाकलंस. ती म्हणाली, "ज्याचा 'मी' त्यानंच उचलायचा असतो, पोपटराव. जड असतो."

त्यानंतर काही महिन्यांनी तिचा आवाज फुटायला लागला. आधी संध्याकाळी, मग दुपारपासूनच. 'माणसाचा घसा बसतो' म्हणत ती गरम पाणी पीत राहिली. मग एका सुनावणीत वाक्य अर्ध्यात तुटलं आणि तोंडातून नुसती हवा आली. घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नाकातून बारीक नळी घालून पडद्यावर दाखवलं : दोन स्वरतंतू, त्यातल्या एकावर गाठ आणि रक्त साकळलेलं. मावशीला ताबडतोब मौन सांगितलं. कुजबुजसुद्धा बंद. चार दिवसांनी पुन्हा या, म्हणाल्या, तेव्हा गाठीचं काय करायचं ते ठरवू.

ते ठरवणं सोपं नव्हतं, हे आईनं मला स्वयंपाकघरात सांगितलं. गाठीचं रूप डॉक्टरांना आवडलेलं नव्हतं. खोलवर कापून काढली तर पुन्हा येण्याची भीती कमी, पण आवाज खरखरीत होणार, कदाचित दिवसभर बोलण्याजोगा उरणारच नाही. वरवर काढली तर आवाज वाचेल, पण गाठ परत येऊ शकते, आणि दर वेळी ती साधीच असेल याची खात्री नाही. आई हे सांगताना कुणीतरी-बिणीतरी म्हणाली नाही. सरळ म्हणाली, "मला भीती वाटते गं."

दवाखान्यात मावशीनं आईला बाहेर बसवलं आणि मला आत नेलं. तिच्याकडे लहान मुलांची असते तशी पुसायची पाटी होती. ती लिहिणार आणि मी मोठ्यानं वाचणार. थोडक्यात, आज मी दुभाषी. मला आतून उकळ्या फुटत होत्या, हे लपवण्यात अर्थ नाही. डॉक्टरांनी कसं वाटतंय विचारलं, मावशीनं लिहिलं, आणि मी ते तिच्या आवाजात वाचलं. तिच्या खऱ्या, न फुटलेल्या आवाजात, तोच सपाटपणा, तोच शेवटचा हलका श्वास. डॉक्टर चकित होऊन माझ्याकडे वळल्या आणि हसल्या. दाराशी उभी नर्स हसली. पुढचा प्रश्न डॉक्टरांनी मलाच विचारला.

मावशीनं टेबलावर टकटक केली. उठली, माझी खुर्ची पाठीकडून धरली आणि ओढत स्वतःच्या मागे, जरा बाजूला नेऊन ठेवली. मग माझ्या खांद्यावर दाब देऊन मला बसवलं. तिथून मला डॉक्टर अर्ध्याच दिसत होत्या, आणि मावशीच्या मानेवरचा तीळ. ही कोर्टातली तिची जागा होती, हे माझ्या लक्षात आलं.

डॉक्टरांनी दोन्ही रस्ते नीट समजावले. मग विचारलं की तुम्हाला काय हवंय. मावशी बराच वेळ लिहीत राहिली, पुसलं, पुन्हा लिहिलं. खांद्यावरून पाटी मागे आली. मी वाचायला सुरुवात केली, "माणसाला आपला आवाज आवडतो..."

टकटक. मावशीचं बोट पाटीवर होतं. मी पुन्हा पाहिलं. पाटीवर 'माणसाला' नव्हतंच. डोळ्यांसमोर एक होतं आणि मी कानात बसलेलं दुसरंच बोलून मोकळी झाले होते. ती असं म्हणेल याची मला इतकी खात्री होती की तिनं काय म्हटलंय ते मी बघितलंच नाही. नकलाकाराखेरीज ही चूक कुणाच्या हातून व्हायची नाही.

मी घसा साफ केला आणि माझ्या साध्या, जरा बारीक आवाजात वाचलं.

"मला माझा आवाज आवडतो. मला भीती वाटते. पण गाठ उरलीय का, या विचारात मला दुसऱ्याचं बोलणं ऐकू येणार नाही, आणि ते ऐकू आलं नाही तर मी आवाज घेऊन करू काय? खोल काढा. जेवढा उरेल तेवढ्यात मी भागवेन."

डॉक्टर मावशीकडे बघत होत्या, सरळ डोळ्यांत. नर्सही. माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच मी बोलत होते आणि मी तिथे नव्हते. माझ्या तोंडून माझी मावशी 'मी' म्हणत होती, आणि तो शब्द केवढा जड असतो ते मला जिभेवर कळत होतं. डॉक्टर मावशीला म्हणाल्या, "ठीक आहे. मी माझ्याकडून काही कमी पडू देणार नाही." मावशीनं मान हलवली. मी मागे बसून पाटीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले, कारण हाताला काहीतरी हवं होतं.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली हे कळल्यावर आईनं फोन खाली ठेवला आणि बाबांच्या नवीन शर्टाला नाक पुसलं. मग पुन्हा मौन, मग दिवसाला थोडीथोडी अक्षरं, मग वाक्यं. नवा आवाज आला तो असा : खाली उतरलेला, जाडसर, कडेला वारा लागल्यासारखा, जणू कुणी खडीच्या रस्त्यावरून अनवाणी सावकाश चालत येतंय. मला तर तो जुन्यापेक्षा भारी वाटला. कोर्टानं तिला आधी छोट्या सुनावण्या दिल्या. पहिल्या दिवशी ती घरी आली तेव्हा आईनं दारातच विचारलं, जमलं का. मावशी खडीवरून चालत म्हणाली, "एका बेकरीवाल्याचा जबाब होता. त्याला जमलं."

त्या रात्रीच्या जेवणात मी पैज लावली. म्हटलं, हा आवाज मी आठवड्यात उचलते. जुना घ्यायला सुट्टी गेली होती, पण आता माझा हात बसलाय. दाराबाहेर आम्ही दोघींनी एकेक करून तेच वाक्य बोलायचं आणि आत आई-बाबांनी ओळखायचं. ते फसले तर मावशी मला तिचं मऊ निळं जाकीट देणार. नाही फसले तर महिनाभर घरातले सगळे बूट मी चमकवणार. मावशीनं घोट घेतला आणि म्हणाली की माणसाला जाकिटाची काळजी वाटत नाही.

आठवडाभर मी न्हाणीघरात सराव केला. खर्ज मिळाला. वारा मिळाला. खडी मिळाली. मी स्वतःवर इतकी खूश होते की खालच्या काकूंना जिन्यात गाठून त्यांच्यावर एक प्रयोग केला आणि त्या "बरं वाटतंय ना आता?" म्हणून गेल्या.

रविवारी सकाळी दार बंद करून आम्ही दोघी बाहेर उभ्या राहिलो. आधी मी. "दार उघडा, हात भरलेत." आतून लगेच आईचा आवाज, "पोपटराव." मग मावशी. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग पुन्हा मी, थोडी सावकाश. "पोपटराव." क्रम उलटा केला, मध्ये खोकले, वाक्य बदललं. "पोपटराव." शेवटी बाबासुद्धा ओळखायला लागले, ज्यांना फोनवर स्वतःच्या सख्ख्या भावाचा आवाज कळत नाही. दार उघडल्यावर मी त्यांना जाब विचारला की कुठे चुकलं ते तरी सांगा. बाबा डोकं खाजवत म्हणाले, "चुकलं काही नाही गं. तू बोललीस की वाटायचं, कुणीतरी मावशीसारखं बोलतंय. ती बोलली की नुसतं उठून दार उघडावंसं वाटायचं."

मावशी हसली. ते हसूही नव्या आवाजात होतं आणि त्याचा तर मी सरावच केला नव्हता.

बूट तसे चारच जोड होते. पण मावशीनं आत जाऊन स्टूल घेतलं, माळ्यावरची पेटी उतरवली आणि तिच्यातून कारखान्याच्या दिवसांपासूनचे, कुणी कधी घालत नाही असे सगळे जोड काढून माझ्यासमोर ओळीनं मांडले. वर पॉलिशची डबी ठेवली.